एका गळ्यात दोन घाट्या

आबा, गिटार टेबलावर उताणी पडलीय. तिच्या पोटातल्या वायरी बाहेर आल्यात, सोल्डरगन एकदा तापून थंड झाली, पुन्हा तापवली, पुन्हा थंड झाली, आणि मी सगळं तसंच टाकून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन लय वर्षं झाली, आणि होतात तेव्हा तरी वाचता कुठं येत होतं. कुणाचं पत्र आलं की उलटसुलट करून बघायचात आणि मायकडं द्यायचात, माय माझ्याकडं. पण आज दुकान बंद आहे, बाहेर असं ऊन आहे की परभणीतले ऑटोवालेसुद्धा लिंबाखाली गाड्या लावून झोपलेत, आणि मी सकाळपासून ज्यावर अडून बसलोय ते जित्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, याला काही कामधंदा नाही. गोष्ट एवढीच आहे. गिटारीत नवा पिकअप बसवलेला आहे, आता जुना काढून टाकायचा का राहू द्यायचा. जुन्याच्या वायरी तोडल्या की काम मिटलं. तेवढं माझ्यानं होईना.

पिकअप म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही पुढं ऐकायचे नाहीत. तारांच्या खाली एक काळी पट्टी असते, तिच्यात चुंबक आणि भोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वर गिटारीची तार हलली की हिच्यात करंट उठतो, तो डब्यात जातो आणि तिथं त्याचा आवाज होतो. डबा म्हणजे स्पीकर आणि मशीन एकात असलेलं खोकं, आम्ही सगळे त्याला डबाच म्हणतो. तर गिटारीचा गळा म्हणजे हीच पट्टी. आमच्या मोटारीच्या कॉइलचंच लेकरू समजा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरण्यात, म्हणजे त्यांची जुनी तार उपसून नवी गुंडाळण्यात माझी सगळी जिंदगी गेली. असल्या वायरी मी झोपेत तोडीन. हात चालत नाही असं नाही. मनच उठंना.

ही गिटार मी पेडगावला पहिल्यांदा आणली तो दिवस तुम्हाला आठवतोय का? पहिल्या कमाईतून घेतलेली, दुकानातली सगळ्यात स्वस्त. लाकूड असं की आंब्याच्या पेटीचं वाटावं. तुम्ही मेंढरं कोंडून आला होतात, पाय धुतलेत, बाजेवर टेकलात. चार जाड तारा बघून म्हणालात, हिनं विहिरीचं पाणी शेंदायचं का? मी मोठ्या ऐटीत वाजवून दाखवली आणि कुणाला काहीच ऐकू आलं नाही, कारण असली गिटार डब्याला जोडल्याशिवाय मुकीच असते, आणि डबा घ्यायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. "मुकं जनावर आणलंस की रं," तुम्ही म्हणालात आणि तंबाखू मळायला लागलात. मग मी रोज तिच्या लाकडाला जबडा टेकवून वाजवायचो, म्हणजे आवाज हाडातून कानात यायचा. तुम्ही ते नुसतं बघत होतात. एका दुपारी माय चुलीपुढं भाकरी थापायलीय, तिचं ध्यान नाही असं बघून तुम्ही फेटा वर सरकवला आणि आपला जबडा गिटारीला टेकवलात. मी वरची जाड तार छेडली. तुमचे डोळे मिटले. म्हणालात, दातात लागतंय. माय पाठमोरीच म्हणाली, बापलेक मिळून लाकूड चावायलेत का काय, भाकरी होऊ द्या की जरा. तुम्ही असे दचकलात जसं काही चोरी सापडली. मी आजही कधी कधी डबा न लावता तशी वाजवतो. आता जबडा दुखतो.

सगळंच दुखतं आता, आबा. उन्हाळ्यात मोटारी जळतात आणि उन्हाळ्यातच लग्नं लागतात, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. दिवसभर तांब्याची तार ओढून बोटांना चिरा पडतात, आणि संध्याकाळी त्याच बोटांनी गिटारीच्या तारा दाबायच्या. आधी हळदीला, लग्नाला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, देवीच्या जागराला, सगळीकडं ऑर्केस्ट्रा लागायचा. आता डीजे आला. आम्हाला बोलावतात ते ज्यांना वाटतं की चार माणसं हातानं वाजवताना दिसली तर बरं दिसतं ते. तिथंही बास गिटारकडं, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या या माझ्या गिटारीकडं, कुणी बघत नाही. गाणारीकडं बघतात, ढोलकीकडं बघतात, कीबोर्डवाल्याच्या लाइटीकडं बघतात. मी मागं उभा राहतो, आता तर खुर्ची घेऊन बसतो. इतकी वर्षं मागं राहून एकाही माणसानं मला येऊन म्हटलं नाही की तुम्ही आज चांगलं वाजवलं. मीही कुणाकडून अपेक्षा ठेवली नाही. पण तिथं बसलो की दिवसाचं सगळं उतरायचं. तेवढीच एक जागा माझी होती, आणि ती जायची वेळ आली म्हणून हा सगळा उपद्व्याप.

आमचा ग्रुप आता कीबोर्डवाला पोरगा चालवतो. पोरगा म्हणजे त्याला दोन लेकरं आहेत, पण आमच्यापुढं पोरगाच. त्यानं नवी साउंड सिस्टीम आणली, इतकी साफ की स्टेजवर कुणी खोकललं तरी मांडवाच्या टोकाला ऐकू जावं. आणि त्या साफ आवाजात माझी गिटार गुणगुणायला लागली. आधी ती गुणगुण गर्दीत मुरून जायची. साउंडवाला सारखा माझ्याकडं मान वळवून बघायचा. मी आतून फॉइल लावली, अर्थिंग तपासलं, वायर बदलली. थोडी कमी झाली, गेली नाही. एक दिवस कीबोर्डवाला माझ्या दुकानात आला, चहा पिला, लय अदबीनं बोलला. त्याच्या अदबीचाच मला राग आला. म्हणाला, "काका, नवी घ्या, न्हाई तर बास मी डाव्या हातानं कीबोर्डवर काढतो. तुमी आरामात बसा." आरामात बसा. मोटर जळाली की शेतकरी दुकानात मोटर टाकतो आणि म्हणतो, नवीच घेऊ का हो, तेव्हा मी किती सहज सांगतो, घेऊन टाका, जुन्यात काही दम राहिला नाही. आता ते मोटारीला कसं लागत असेल ते कळलं. तुमच्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, घ्यायची तर घ्या, सोडायची तर सोडा, पण रोज तिच्याकडं बघून उसासे टाकू नका, घर उदास होतंय. नांदेडच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं गिटार हातात घेतली, ठोकून बघितली आणि हसला. या लाकडावर खर्च करणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवणं, म्हणाला. मी म्हणालो, आमच्या गावात बसवतात. पण गाडीवर परत येताना मला वाटलं, बास झालं आता, सोडून द्यावं.

सोडलंही असतं, पण एक माणूस होता. ढोलकीवाला. आम्ही एकाच वर्षी ग्रुपमध्ये आलो, मी मागं बसायचो आणि तो माझ्या डाव्या अंगाला खाली गादीवर. आम्ही दोघं कधी फार बोललो नाही. त्याच्या घरचं मला काही माहीत नव्हतं, माझ्या घरचं त्याला नव्हतं. पण गाण्यात तो कुठं वळणार हे मला त्याच्या खांद्यावरून कळायचं, आणि मी कुठं पाय टाकणार हे त्याला न बघता कळायचं. तर झालं असं की पूर्णेला एक लग्न होतं, आणि कीबोर्डवाल्यानं कुणाची तरी भारी बास गिटार माझ्यासाठी मागून आणली. काका, आज ही वाजवून बघा, मग ठरवा. काय सांगू तुम्हाला, आबा. तिचा आवाज म्हणजे नुसतं तूप. हात ठेवला की सूर. एकही गुणगुण नाही. साउंडवाल्यानं अंगठा वर केला. मला वाटलं मी उगाच इतकी वर्षं लाकडाची पेटी वाजवत बसलो. आणि तिसऱ्याच गाण्याला ढोलकी चुकली. मग पुन्हा चुकली. गाणारी मान वळवून बघायला लागली. ज्या माणसाची थाप मी कधी हलताना बघितली नाही तो घामानं भिजला आणि सारखा माझ्या बोटांकडं बघायला लागला. कार्यक्रम झाल्यावर तो दस्तीनं तोंड पुसत माझ्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तू मला आज सापडलाच न्हाईस. आवाज लय चांगला होता, पण तू कुठं हायेस ते कळंना."

कीबोर्डवाला म्हणाला, सवय होईल त्यांना.  पूर्णेच्या स्टेशनावर चहा घेत बसलो आणि मला तुम्ही आठवलात, कारण तुम्ही माझं वाजवणं ऐकायला एकदाच आला होतात, तेही पूर्णेलाच, मामाच्या गावकीतल्या कुणाच्या तरी लग्नात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि बसलात ते बरोबर मोठ्या स्पीकरपुढच्या खुर्चीवर. सगळ्यांनी सांगितलं मागं बसा, कान फुटतील, तुम्ही हलला नाहीत. मी तेव्हा नवा होतो, तुम्ही बघायलेत म्हणून मधल्या एका ठिकाणी मी चारही तारांवर वरखाली पळून आलो, लय चपळाई दाखवली. जेवताना तुम्ही म्हणालात, तुझी गिटार मला ऐकू काही आली नाही, बुडाखाली लागली. मी हसलो. मग तुम्ही भात कालवता कालवता बोललात ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. "मधीच कामून पळालास? एडका पळाला की मेंढरं लोकाच्या कापसात शिरतेत. मार आपल्याला बसतोय." मला राग आला होता. सगळ्या लग्नात तुम्हालाच तेवढं कळलं होतं की मी पळालो. त्यानंतर मी कधी पळालो नाही, आणि ढोलकीवाला मला सापडला तो बहुतेक त्यामुळंच.

एडका म्हटलं की ती घाटी आलीच. मी तेव्हा परभणीला आयटीआयला होतो, सुट्टीत गावी आलेलो. आपल्या एडक्याच्या गळ्यात पत्र्याची जुनी घाटी होती, एका अंगानं चिरलेली, तिचा आवाज घंटीसारखा नव्हताच, रिकाम्या डब्यावर कुणी बोट मारावं तसा डब-डब यायचा. तुम्ही उरुसातून पितळी घाटी घेऊन आलात. चकचकीत, देवळातल्यासारखी खणखणीत. दुसऱ्या मेंढरंवाल्यांनी पितळी बांधल्या होत्या आणि आपला एडका डबडं बांधून हिंडतोय म्हणून ते तुम्हाला चिडवायचे, हे मला माय बोलली होती. सकाळी तुम्ही मोठ्या कौतुकानं जुनी सोडून नवी बांधली. ओढ्यापाशी आलो. एडका खणखण करत पाण्यात उतरला, पलीकडं चढला, आणि मेंढरं अलीकडंच उभी. एकही हलंना. तुम्ही हुर्र करताय, मी मागून रेटतोय, आणि तेवढ्यात वरच्या अंगानं दुसऱ्या एकाचा कळप आला. त्याच्या एडक्याच्या गळ्यात होती पत्र्याची. डब-डब ऐकलं आणि आपली सगळी मेंढरं माना वर करून त्याच्यामागं निघाली. आपला एडका पलीकडच्या काठावर एकटा, नवी घाटी वाजवत. सबंध दिवस खुणेसाठी कानांना दिलेले काप बघून मेंढरं वेगळी करण्यात गेला. तो माणूस हसून हसून बेजार झाला. सांजेला पारावर गेलात तर तिथं आधीच गोष्ट पोचली होती.

तुम्ही मग काय केलंत ते मला लय आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी एडक्याच्या गळ्यात दोन्ही घाट्या बांधल्या, जुनी आणि नवी. डब-टिण, डब-टिण करत तो चालायचा, मेंढरं निमूट मागं. काही दिवस गेले आणि तुम्ही जुनी सोडून घेतली. मेंढरांना कळलंही नाही, नुसत्या पितळीच्या मागं जायला लागली. पारावर तुम्ही मिशीवर हात फिरवून सांगत होतात, जनावराला एकदम तोडू नये, हळूहळू सवय लावावी. मी पोथीतलं वाक्य ऐकावं तसं ते ऐकलं. एकच होतं, तुमच्यामागून चालताना मला अजून तो डब-डब ऐकू यायचा. मला वाटायचं, इतक्या वर्षांची सवय, कानातच बसलाय.

तर पूर्णेहून परत येताना मी ठरवलं. गिटार नवी घ्यायची नाही आणि सोडायची पण नाही. हिच्यातच नवा, चांगला पिकअप बसवायचा, जुना काढायचा नाही. दोघांना वेगवेगळी बटणं लावायची. आधी दोन्हींचा आवाज बरोबरीनं ठेवायचा, मग दर कार्यक्रमाला जुन्याचं बटण थोडं थोडं खाली आणायचं. ढोलकीवाल्याला कळायच्या आत तो नव्यावर चालायला लागेल. तुमचीच युक्ती. इतका खूष झालो मी की एवढ्या थकव्यातही त्या रविवारी गाडी काढून पेडगावला गेलो, मायला सांगायला. तिला आता दिसत नाही नीट, ओसरीवर बसून असते. मी सगळं सांगितलं, गिटार, ढोलकीवाला, दोन घाट्या. ती आधी ऐकत राहिली आणि मग तिला असं हसू फुटलं की मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"आरं कशाची सवय लागतीय," ती म्हणाली. "तुपल्या बापानं जुनी घाटी सोडलीच न्हाई कधी. घोंगड्याच्या खोळंत घिऊन हिंडायचा. पितळी निस्ती लोकायला दाखवायला."

मी म्हणालो, तुला कसं माहीत. तर म्हणाली, घोंगडं धुवायला घेतलं तेव्हा सापडली. तुम्ही तिला म्हणालात, कुणाला सांगू नकोस, लोकं हसतील. आणि तिनं इतकी वर्षं सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. आबा, मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी राग आला. पारावर मिशी पिळून सांगितलेलं ते वाक्य मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगितलंय, लेकीला सांगितलंय, एकदम तोडू नये, हळूहळू सवय लावावी. आणि तुमच्या स्वतःच्या बगलेत घाटी. मग मला तो डब-डब आठवला, तुमच्या पाठीमागून चालताना यायचा तो. कानात नव्हताच. घोंगड्यातून यायचा.

परभणीला आलो आणि बटणांचा बेत रद्द केला. तुम्ही जे खरंच केलं होतं तेच केलं. सुताराकडून गिटारीत खाच पाडून घेतली, नवा पिकअप बसवला आणि त्याची वायर एका भोकातून बाहेर काढली. जुन्या पिकअपची वायर दुसऱ्या भोकातून. नव्याची गेली साउंडवाल्याकडं, म्हणजे मांडवाला साफ तुपासारखा आवाज. जुन्याची गेली माझ्या जुन्या लहान डब्याला, आणि तो डबा ठेवला ढोलकीवाल्याच्या गादीपाशी, त्याच्या गुडघ्याजवळ, आवाज अगदी बारीक. लोकांना तो ऐकूच जात नाही. पहिल्या कार्यक्रमाला कीबोर्डवाला म्हणाला, बघा काका, नवीनचा फरक बघा. ढोलकीवाल्याची एक थाप इकडची तिकडं झाली नाही. कीबोर्डवाला मला हळूच म्हणाला, मी म्हणलो होतो ना, सवय होईल. मी मान हलवली. ढोलकीवाल्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मांडी घालून बसला.  असं लय दिवस चाललं, बरं चाललं. मला वाटलं आपली जागा राहिली.

मग गेल्या पावसाळ्यात त्याचे गुडघे गेले. गादीवर बसता येईना, खुर्चीवर बसून ढोलकी मांडीवर राहीना. मुलानं त्याला पुण्याला नेलं. जाताना तो दुकानात आला होता, काठी टेकत. मी मोटर उघडून बसलेलो, हाताला वॉर्निश. तो उभ्या उभ्याच म्हणाला, चलतो. मीही म्हणालो, बरं. दोघांच्या इतक्या वर्षांचं एवढंच. त्याच्या जागी आता एक जण इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवतो, हेडफोन लावून. त्याला मी लागत नाही, माझा डबा लागत नाही, कुणीच लागत नाही, त्याला कानात घड्याळासारखी टिकटिक येते. गेल्या आठवड्यात कीबोर्डवाला म्हणाला, काका, आता तो खोका आणत जाऊ नका, उगं स्टेजवर वायरीत वायरी. जुना पिकअपपण काढून टाका, त्याच्यामुळंच काही गुणगुण राहिली असेल. बरोबरच आहे त्याचं. ज्याच्यासाठी जुना ठेवला होता तो पुण्याला. म्हणून आज सकाळी गिटार उघडली.

पण मायनं त्या दिवशी अजून एक सांगितलं होतं, ते मी वर लिहिलं नाही. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, मेंढरांचं काही नव्हतं रे, आठ-पंधरा दिवसांत शिकलीच होती ती पितळीवर. एकदा घोंगडं घरी विसरून गेलात, कळप नीट गेला, नीट आला. पण तुम्हीच सांजेला असे गळून आलात की तिला वाटलं ताप भरलाय. दिवसभर कुठं चाललोय ते कळंना, म्हणालात. तिनं खोळीतली घाटी काढून तुमच्या उशाशी ठेवली तेव्हा कुठं जेवलात. "मेंढरांना लागत नव्हती ती," माय म्हणाली. "ह्यांनाच लागत व्हती."

ऊन कलायलंय. तुमची सून आता चहा ठेवील आणि म्हणेल, झालं का नाही एकदाचं? मी जुना पिकअप होता तिथं बसवून वरचे स्क्रू आवळतो आहे, एका हातानं लिहितो आहे म्हणून अक्षर असं. हे पत्र मोटारीच्या जुन्या तारांच्या खोक्यात जाईल, तिथं कुणी हात घालत नाही. परवाच्या कार्यक्रमाला मी डबा खुर्चीखाली सरकवून त्यावर घोंगडं टाकलं होतं. भर उन्हाळ्यात घोंगडं कशाला, म्हणून गाणारीनं विचारलं. धूळ बसते, म्हणालो. घोंगडं तुमचंच आहे, मायनं दिलेलं. ढोलकीवाला नव्हता, आबा. तरी मी डबा लावला होता.